काकीचं घर शेणाचं

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी झालेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)



कार्यवाहांचा फोन आला, विषय दिला : 'दक्षिणेतलं मराठी कुटुंब'. आम्ही म्हटलं, विषय मोठा आहे, एखादे प्राध्यापक बघा. ते म्हणाले, "प्राध्यापक मागच्या वर्षी झाले. या वर्षी लोकांना जरा हसायचं आहे." म्हणजे आमची निवड कोणत्या गुणावर झाली ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आधी एक खुलासा. भाषणभर आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणणार आहोत. त्यात मोठेपणा काही नाही. आमच्या घरात 'मी' हा शब्द फक्त दोघींना शोभतो, एक आमच्या सौभाग्यवती आणि दुसरी सात वर्षांची नात. बाकीचे आम्ही सगळे बहुवचनात राहतो.

आमचे वडील नांदेड जिल्ह्यातले. त्या काळी निझामाच्या राज्यात मराठवाडा होता, तेलंगण होतं, कानडी जिल्हे होते आणि सगळ्यांची राजधानी हैदराबाद. नोकरीसाठी वडील गाडीत बसले, काचीगुड्याला उतरले आणि सुलतान बाजारच्या मागे एक खोली घेऊन राहिले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. वडील म्हणायचे, "मी गाव सोडलं नाही रे, गावच मला सोडून गेलं." जागचं न हलता माणूस परराज्यात जातो, हा चमत्कार आमच्या घराने एका रात्रीत पाहिला. २०१४ साली तेलंगण वेगळं झालं, तेव्हा तो पुन्हा पाहिला. घर तेच, दारावरची पाटी तीच. पत्त्यातलं राज्य तेवढं तिसरं.

वडिलांनी आम्हाला विवेक वर्धिनीत घातलं, १९०७ सालची शाळा, मराठी माध्यम. आम्ही मात्र आमच्या चिरंजीवांना इंग्रजी माध्यमात घातलं. भाषणात हा भाग आम्ही नेहमी लवकर आटोपतो, आजही आटोपतो.

तर अशा घरात जीभ कशी तयार होते बघा. बाजारात दखनी, ऑफिसात इंग्रजी, शेजारी तेलुगू आणि देवापुढे मराठी. दखनीबद्दल मात्र आपण छाती फुगवायला हरकत नाही. अख्खं हैदराबाद दिवसभर 'नक्को, नक्को' म्हणत असतं, तो आपलाच 'नको'. जोर द्यायला हे लोक 'मैंच बोला', 'उनेच आया' म्हणतात, तो 'च' सुद्धा आपलाच. पुण्याची मंडळी आमच्या मराठीला हसतात, पण आपला 'नको' आणि आपला 'च' इथे परमुलखात नांदतो आहे, हे त्यांना कोण सांगणार?

आता मुख्य कथेकडे येतो. अकरा वर्षांपूर्वी चिरंजीव म्हणाले, "बाबा, मुलगी हनमकोंड्याची आहे." आम्ही विचारलं, "मराठी?" ते म्हणाले, "नाही." मग घरात चार दिवस कोणत्याच भाषेत कोणी बोललं नाही. पाचव्या दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मुलगी बघून तरी येऊ." बघून आलो. परत येताना गाडीत सौ. म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. त्यांचं वरण आपल्यासारखंच आहे." वरणावर लग्न ठरल्याचं हे बहुधा पहिलंच उदाहरण असावं.

लग्नात मुहूर्ताचा प्रश्न आला. आमचा गोरज, त्यांच्या पंतुलुगारूंनी काढलेला पहाटे तीन वाजून सतरा मिनिटांचा. कोणीच हटेना. शेवटी दोन्ही धरले. संध्याकाळी मंगलाष्टकं झाली, पहाटे तेलुगू पद्धतीने. त्यांच्याकडेही मध्ये पडदा धरतात, आपल्या अंतरपाटासारखाच. मुहूर्ताला जिरं आणि गूळ एकत्र वाटून वधूवर एकमेकांच्या डोक्यावर ठेवतात. आमची बहीण पेंगत होती, दचकून म्हणाली, "अगं बाई, डोक्यावर काय वाढताय?" या दोन मुहूर्तांमुळे चिरंजीवांच्या लग्नाच्या तारखा दोन झाल्या. एक ते विसरतात आणि दुसरी त्यांना वाचवते.

सूनबाई घरी आल्या आणि खरी दक्षिण स्वयंपाकघरात आली. पहिल्याच आठवड्यात त्या हिरवी पालेभाजी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अत्तय्या, आज गोंगुरा करते." सौ.नी पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही अंबाडी आहे." "गोंगुरा." "अंबाडी." दोघींनी एकेक पान चावून पाहिलं आणि तह झाला. नांदेडकडे आमची आई हीच अंबाडी ज्वारीच्या कण्या घालून करायची. आणि तिकडच्यांची 'जोन्न रोट्टे' म्हणून जी आहे, ती ताटात आली तेव्हा कळलं की ही आपली ज्वारीची भाकरी. म्हणजे परकं म्हणून जे जे घरात आलं, ते आधीच मागच्या दाराने येऊन बसलेलं होतं.

फरक आहे तो वेळेचा आणि तिखटाचा. दर उन्हाळ्यात विहीणबाई आवकायची बरणी पाठवतात. गरम भात, तूप आणि त्यावर आवकाय, असा पहिला घास घ्यायचा असतो. आम्ही पहिल्या वर्षी तो मोठ्या ऐटीत घेतला. पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा सूनबाई पंखा घालत होत्या आणि सौ. विचारत होत्या, "अजून वाढू?"

सण तर विचारूच नका. आपला पाडवा तोच त्यांचा उगादी. आम्ही कडुनिंबाची पानं चावून तोंड वाकडं करतो, ते निंबाचा मोहोर, गूळ, चिंच, कैरी, मिरची आणि मीठ असे सहाही रस एका वाटीत घालून पितात. नवरात्रात नात बतुकम्मा खेळते. फुलांचा मनोरा रचायचा आणि त्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची. आपला भोंडलाच, हत्तीच्या जागी फुलं. त्यातलं तंगेडूचं पिवळं फूल म्हणजे आपल्या माळावरचा तरवड आणि गुनुगु म्हणजे आपलं कुरडू. घरात गणपती बसतो तेव्हा सूनबाई त्याच्यावर फळं, कणसं बांधलेली लाकडी पालवेल्ली टांगतात, गोव्याकडच्या माटोळीसारखी. एका ताटात मोदक असतात आणि दुसऱ्यात कुडुमुलु. गणपतीने अजून कोणाची बाजू घेतलेली नाही.

आता नातीकडे येतो. तिचं पाळण्यातलं नाव ठरायला बारा दिवस लागले, पण हाक मारायचं नाव कोणी न ठरवताच 'चिन्नी' झालं. तेलुगूत चिन्नी म्हणजे लहानगी. ती आम्हाला 'ताता' म्हणते, कारण तेलुगूत आजोबा म्हणजे तात. संस्कृतात तात म्हणजे बाप, इंग्रजीत टाटा म्हणजे निरोप. ती खिडकीतून 'ताता, ताता' ओरडली की खालचे शेजारी हात हलवतात. सौ.ना ती 'नानम्मा' म्हणते. तेलुगूत बापाची आई वेगळी आणि आईची आई वेगळी, 'अम्मम्मा'. आपल्याकडे दोघीही आजीच. सौ.ना हा प्रकार आवडला. त्या म्हणाल्या, "बरं आहे, गोंधळ नको."

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. गेल्या वर्षी याच मंचावर जे झालं, त्याने ते थांबलं.

आपल्या मंडळाची कथाकथन स्पर्धा होती. गट पहिला, वय सहा ते आठ. आम्ही मोठ्या हौसेने चिन्नीचं नाव दिलं. गोष्ट कोणती, तर चिमणी आणि कावळ्याची. कागदावर लिहून दिली आणि चार दिवस घोकून घेतली. ती मंचावर आली, माइक तिच्या डोक्याच्या वर होता, तो खाली केला. तिने नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "एक होती काकी."

तेलुगूत कावळ्याला 'काकि' म्हणतात.

ती पुढे म्हणाली, "काकीचं घर शेणाचं होतं." सभागृहात खसखस पिकली. पुढच्या रांगेत निदान आठ काकी बसल्या होत्या. "मोठा पाऊस आला, आणि काकी वाहून गेली." मग जो हशा उसळला तो तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आम्हीही हसलो, खोटं कशाला सांगू? पण पोरगी थांबली. तिने इकडे तिकडे पाहिलं. चिमणीपर्यंत गोष्ट गेलीच नाही. ती खाली उतरली, आमच्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "ताता, मी काय चूक बोलले?"

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून कोणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "पोरगी तिकडचीच झाली."

बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल. पण ते वाक्य आमच्याबरोबर घरी आलं आणि जेवायलाही बसलं.

त्या रात्री आम्ही फर्मान काढलं. उद्यापासून घरात फक्त मराठी. जो दुसऱ्या भाषेतला शब्द वापरेल, त्याला शब्दाला पाच रुपये दंड. बस, फोन, गॅस यांना माफी. डबा ठेवला, सौ. खजिनदार, आणि चिन्नीला दंड नाही पण ती पंच. सूनबाई काही बोलल्या नाहीत. फक्त "बरं, मामय्या" म्हणाल्या. चिन्नीने तिथेच पहिला दंड ठोकला, "अम्मा, मामय्या तेलुगू!"

तीन दिवसांनी डबा उघडला. एकूण चारशे पस्तीस रुपये. सूनबाईंचे पंधरा, चिरंजीवांचे साठ, सौ.चे पंचाहत्तर. उरलेले दोनशे पंच्याऐंशी कोणाचे ते सांगायची गरज नाही. 'हौ' म्हणालो, 'नक्को' म्हणालो, 'परेशान' झालो, 'खामोश' बसवलं, आणि डब्याकडे बघून आम्ही जे पुटपुटलो तेही मराठी नव्हतं. सूनबाई मराठी पुस्तकातून शिकलेल्या. त्यांना लिंगाचा घोळ होतो, 'चहा गोड झाली' म्हणतात, पण शब्द मराठीच वापरतात.

मग त्या पंधरा रुपयांवर वाद झाला. सूनबाई म्हणाल्या, "माझा सगळा दंड 'मामय्या' आणि 'अत्तय्या' यांचा आहे. मग मी तुम्हाला मराठीत काय म्हणू?" आम्ही म्हटलं, "बाबा म्हण." त्या म्हणाल्या, "तुमच्या आई तुमच्या आजोबांना काय म्हणायच्या?"

आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. आमची आई तिच्या सासऱ्यांना 'मामंजी' म्हणायची. आणि सासूबाईंना 'आत्याबाई'.

तेलुगूत मामा आणि सासरा यांना एकच शब्द, आत्या आणि सासू यांनाही एकच, कारण नात्यातच लग्न करायची त्यांची रीत. आपल्याकडेही मामाची मुलगी करायची पद्धत होतीच. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर १९५३ साली जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला जो पट्टा त्यांनी दाखवला, त्यात महाराष्ट्र येतो. हे आम्ही वाचलेलं होतं, पण आपल्या आईच्या तोंडी ते होतं हे कधी ध्यानात आलं नव्हतं. सौ.नी डब्यातून पंधरा रुपये काढले आणि सूनबाईंना परत दिले.

पण श्रोतेहो, आमचा खरा दंड पुढेच होता. पंच म्हणून चिन्नी तीन दिवस आमच्या मागे वही घेऊन फिरत होती. कोण काय बोललं ते ती तिच्या परीने लिहून ठेवायची. चौथ्या दिवशी ती वही आम्ही चाळली. आमच्या नावाखाली तिने मराठी वाक्यंही लिहिली होती, बहुधा दंड नसलेली म्हणून. ती अशी : हात धू. पसारा आवर. मोबाईल ठेव. पाय खाली घे. सांडू नको. झोप आता.

आम्ही पान उलटलं. पुढेही तेच. तीन दिवसांत आम्ही आमच्या नातीशी मराठीत एकही गोष्ट बोललो नव्हतो. नुसत्या सूचना. गप्पा मारायच्या, चेष्टा करायची, तर आम्ही आपोआप दखनीत शिरायचो आणि दंड भरायचो. तिकडे हनमकोंड्याहून अम्मम्मा रोज रात्री साडेआठला फोन करते आणि वीस मिनिटं गोष्ट सांगते. त्या गोष्टीत कावळे असतात, चिमण्या असतात, म्हातारी असते. कावळ्याच्या गोष्टी पोरीने तेलुगूत ऐकलेल्या, म्हणून मंचावर तिच्या तोंडून काकिच उडाली. आमच्या कागदावरच्या कावळ्याला पंख कुठे होते?

मराठी ही तिच्या लेखी हात धुवायची भाषा झाली होती. आणि तशी ती कोणी केली? 'तिकडच्यांनी' केली नाही. आम्ही केली.

त्या दिवशी डबा बंद झाला. चारशे पस्तिसातले पंधरा गेले, उरले चारशे वीस. आकडा वाईट होता म्हणून सौ.नी त्यात एक रुपया घातला. पुढच्या नांदेडच्या फेरीत त्या पैशाची लहान मुलांची मराठी पुस्तकं आणली. ती संपल्यावर आठवलं की आपल्याच शहरात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, आणि त्याची पायरी आपण कित्येक वर्षांत चढलो नाही. तीही चढलो. आता रात्री साडेआठला अम्मम्माचा फोन असतो आणि नऊ वाजता ताताची गोष्ट. आमच्या गोष्टीत ती मध्येच तेलुगू शब्द घालते. आम्ही घालू देतो. त्याला मराठीत काय म्हणतात ते ती स्वतःच विचारते. विचारल्यावर सांगितलेला शब्द पक्का बसतो, हे दोनशे पंच्याऐंशी रुपये मोजून मिळालेलं ज्ञान तुम्हाला फुकट देतो.

परवा चतुर्थीला पूजेनंतर सूनबाईंनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या हातात अक्षता दिल्या. तेलुगू घरांत या दिवशी स्यमंतक मण्याची कथा वाचतात आणि मग त्या अक्षता डोक्यावर टाकतात, म्हणजे चुकून चंद्र दिसला तरी खोटा आळ येत नाही. कृष्णावर मणी चोरल्याचा आळ आला ती कथा. आपल्याकडेही ती माहीत आहे, पण वाचायची राहून जाते. दर वर्षी सूनबाई तेलुगूत वाचतात आणि आम्ही अर्धवट समजून मान डोलावतो. या वर्षी चिन्नी म्हणाली, "अम्मा, तू थोडं वाच, मग मी ताताला मराठीत सांगते." आणि तिने सांगितली. सत्राजिताला ती 'सत्तर-जित' म्हणाली, जांबवानाच्या गुहेत उगाच एक वाघ घातला, पण मणी शेवटी सापडला. आम्ही अक्षता डोक्यावर घेतल्या. 'तिकडचीच झाली' हा आळ आम्ही वर्षभर डोक्यात घेऊन फिरत होतो, तो त्या अक्षतांबरोबर खाली गेला.

काल कथाकथन स्पर्धा झाली. चिन्नीला बक्षीस मिळालं नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. पण गोष्ट चिमणीपर्यंत पोचली, आणि 'कावळा' हा शब्द तिने आमच्याकडे बघत इतक्या जोरात म्हटला की माइक शिटी वाजवायला लागला. घरी मात्र गॅलरीत येणारा कावळा अजून काकिच आहे. तोही त्या नावाला ओ देतो.

तेव्हा आजी-आजोबांनो, एवढंच मागणं आहे. आपल्या स्पर्धेत या वर्षी पहिल्या गटात सात मुलं होती. आम्हाला आठवतं, एके काळी तिथे तीस-पस्तीस असायची. आपण त्याचं खापर शाळांवर फोडतो, इंग्रजीवर फोडतो, सुनांवर फोडतो. आज घरी गेल्यावर आठवून बघा, दिवसभरात नातवंडांशी मराठीत काय बोललात. 'हात धू' सोडून काही आठवलं तर उत्तम. नाही आठवलं तर आज रात्रीच एक गोष्ट सांगा. येत नसेल तर आमच्याकडे या. आम्ही सांगू, सूनबाई तेलुगूत सांगतील, आणि चिन्नी दोघांच्याही चुका काढेल.

भाषण लांबलं. पुढच्या रांगेतून ती मघापासून घड्याळ दाखवते आहे. प्रसादाला आज मोदकही आहेत आणि सूनबाईंनी केलेले कुडुमुलुही. दोन्ही घ्या. पण हात धुऊन घ्या.

गणपती बाप्पा मोरया!